मानसशास्त्र घेऊन बी. ए.

बारावीचा निकाल हातीं आला कीं पुष्कळ सुशिक्षित घरांत एक ठराविक संवाद झडतो. मुलगी म्हणते, ‘मला कला शाखेंत मानसशास्त्र घ्यावयाचें आहे.’ वडील विचारतात, ‘तें घेऊन पुढें करणार काय?’ आणि आजी हळूच पुसते, ‘म्हणजे तुला माझ्या मनांतलें ओळखतां येईल का ग?’ या दोन प्रश्नांत आजीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्याचें नीट उत्तर मिळालें म्हणजे वडिलांच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आपोआप हातीं येतें.

मनांतलें ओळखण्याची विद्या या वर्गांत कोणी शिकवीत नाहीं. तेथें जें शिकवितात तें जवळजवळ उलट आहे. दुसऱ्याचें मन आपणांस कळलें असें वाटूं लागलें कीं तेथेंच थांबावें, आणि कळलें असें वाटतें तें मोजून पारखून पाहावें, ही संवय लावण्यांत तीन वर्षें जातात.

हें शास्त्र कला शाखेंत कां बसलें याला इतिहास आहे. मनाचा विचार हा दीर्घकाळ तत्त्वज्ञानाचाच एक भाग समजला जाई. तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र यांच्या पंक्तीला त्याचें पान असे. १८७९ सालीं जर्मनींतील लाइपझिग विद्यापीठांत विल्हेल्म वुंट यांनीं प्रयोगशाळा काढली, तेव्हांपासून तें स्वतंत्र शास्त्र झालें असें मानतात. हिंदुस्थानांत कलकत्ता विद्यापीठानें १९१६ सालीं मानसशास्त्राचा निराळा विभाग उघडला. त्याची धुरा वाहणारे नरेंद्रनाथ सेनगुप्त हे अमेरिकेंत हार्वर्ड येथें म्युन्स्टरबर्ग यांच्याजवळ शिकून आलेले होते. १९२४ सालीं म्हैसूरलाही असा विभाग निघाला. प्रयोगशाळा आल्या, उपकरणें आलीं. पण पदवीपत्रावरील ‘बी. ए.’ हीं अक्षरें बहुतेक ठिकाणीं तशींच राहिलीं.

प्रयोगाच्या तासाला विद्यार्थी जोडीनें बसतात. एक प्रयोगकर्ता, दुसरा ‘प्रयुक्त’; मग भूमिका पालटतात. म्युलर-लायर यांचा १८८९ सालचा रेघांचा भ्रम हा नेहमींचा पहिला प्रयोग. दोन रेघा असतात. एकीच्या टोकांना बाणाचीं पातीं आंत वळलेलीं, दुसरीच्या टोकांना बाहेर फांकलेलीं. प्रयुक्तानें एक रेघ सरकवून ती दुसरीएवढी करावयाची. ‘झाली सारखी,’ असें तो म्हणतो, आणि मागील पट्टीवर पाहावें तों कित्येक मिलिमीटरांची चूक! मौज अशी कीं, हा भ्रम आहे हें पक्कें ठाऊक झाल्यावरही डोळा ऐकत नाहीं. वीस वेळां रेघ सरकवून, वीस आंकडे जर्नलमध्यें लिहून, त्यांची सरासरी काढून विद्यार्थी घरीं जातो, तेव्हां ‘मीं माझ्या डोळ्यांनीं पाहिलें’ या साक्षीकडे तो पूर्वीच्या भाबडेपणानें पाहूं शकत नाहीं.

दुसरा प्रयोग स्मृतीचा. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानें निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, आणि कांहीं वेळानें तीच यादी पुन्हा पाठ करण्यास किती कमी श्रम पडतात हें मोजलें. त्याचे निष्कर्ष १८८५ सालीं प्रसिद्ध झाले. एका तासांतच श्रमांची निम्म्याहून अधिक बचत नाहींशी झाली होती. उलट एक महिन्यानंतरही सुमारें एकपंचमांश बचत शिल्लक होती. विसरणें प्रथम झपाट्यानें व मग संथपणें होतें, असा याचा अर्थ. परीक्षेच्या आदल्या रात्रीं घोकणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत घेतली तर बरें, पण मानसशास्त्राचे विद्यार्थीही ती घेतात असें दिसत नाहीं!

गणिताचा कंटाळा म्हणून कला शाखेंत आलेल्यांना खरा धक्का बसतो तो संख्याशास्त्राचा. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध यांच्यावांचून येथें एक पाऊल टाकतां येत नाहीं. उन्हाळ्यांत आंब्यांची आणि पंख्यांची विक्री बरोबरच वाढते. म्हणून आंबा खाल्ल्यानें उकडतें असें कोणी म्हणत नाहीं. पण मुलाच्या हातीं मोबाइल दिसला आणि तो चिडचिडाही दिसला, कीं एकाला दुसऱ्याचें कारण ठरवून आपण मोकळे होतों. कदाचित् तें खरेंही असेल. तें ठरवावें कसें, हा त्या रुक्ष वाटणाऱ्या विषयाचा गाभा आहे.

मोजमापांतही देशकाल सुटत नाहीं. पॅरिसला बिने यांनीं १९०५ पासून मुलांच्या बुद्धीच्या कसोट्या बसविल्या, त्यांत पुढें फ्रेंच नाणीं ओळखण्याचाही प्रश्न होता. तो आपल्याकडील मुलाला विचारून काय निष्पन्न होणार? डॉ. वि. वि. कामत यांनीं त्या कसोट्यांना मराठी व कानडी मुलांसाठीं नवें रूप दिलें आणि १९४० सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. केवळ भाषांतरानें भागत नाहीं, हा धडा त्यांतून अजूनही घेण्यासारखा आहे.

आतां वडिलांचा प्रश्न. शिक्षण, समाजकार्य, कर्मचारी-व्यवस्था, स्पर्धापरीक्षा या वाटा या पदवीला मोकळ्या आहेत. तशा त्या इतर पदव्यांनाही आहेत. मात्र नुसत्या बी. ए. वर उपचारक होतां येत नाहीं. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असावा लागतो. आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला पदव्युत्तर शिक्षण व देखरेखीखालील प्रत्यक्ष रुग्णसेवेचें प्रशिक्षण लागतें, हें २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यांतील व्याख्येवरून स्पष्ट आहे. हा हिशेब प्रथमच मांडावा. तीन वर्षांनीं ‘समुपदेशक’ अशी पाटी लावण्याची घाई झाली, तर तिची किंमत विश्वासानें आलेल्या दुसऱ्या कोणाला मोजावी लागते.

याहून नाजूक बाब निराळीच आहे. कांहीं मुलें घरांतल्या कोणाच्या, क्वचित् स्वतःच्याच, मनाच्या दुखण्यामुळें या विषयाकडे वळतात. ओढा समजण्यासारखा आहे. पण वर्ग म्हणजे दवाखाना नव्हे. विकृतींचें प्रकरण सुरू झालें कीं पंधरा दिवसांत आई, काका, शेजारी या सर्वांना एकेका व्याधीचें नांव चिकटतें, आणि स्वतःचें दुखणें मात्र अभ्यासाच्या आड तसेंच राहतें. अशा मुलाला प्रवेशअर्जाच्या आधीं तज्ज्ञाची भेट घडवावी. २०२२ सालीं सुरू झालेली सरकारची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनिसेवा मराठींतही बोलते.

महाविद्यालय निवडतांना मुलीबरोबर एकदां जाऊन प्रयोगशाळा दाखवा म्हणावें. रेघांच्या फळीवर बोटांचे डाग आणि जर्नलांचे गठ्ठे दिसले तर अर्ज भरावा. कपाटाची किल्लीच सांपडत नसेल, तर दुसरें महाविद्यालय पाहावें.