दोन द्रवांचा हिशोब

५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर इथेनॉल ओतलं, की मोजपात्रात १०० नव्हे, साधारण ९६-९७ मिलिलिटरच भरतात आणि पात्र हाताला कोमट लागतं. वेगवेगळ्या जातीचे रेणू शेजारी आले की त्यांची बसण्याची रीतच बदलते. म्हणून मिश्रणाचे गुणधर्म नुसत्या बेरजेने मिळत नाहीत.

डिस्टिलरीला खरी गरज असते ती बाष्पात कोण किती जाईल हे कळण्याची. १८८० च्या दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ राउल्ट यांनी सोपा नियम दिला: बाष्पातला घटकाचा दाब म्हणजे त्याचा शुद्ध बाष्पदाब गुणिले द्रवातल्या एकूण रेणूंमधला त्याचा वाटा. बेंझीन आणि टोल्युइन या सारख्या स्वभावाच्या जोडीला तो छान लागू पडतो. इथेनॉल-पाण्याला नाही. भरपूर पाण्यात थोडं इथेनॉल असेल, तर ते नियमापेक्षा पाचेक पट जोराने बाहेर पडू पाहतं, कारण त्याचा तेलकट भाग पाण्याच्या रेणूंच्या जाळ्यात रुळत नाही. राउल्टच्या गुणाकारात आणखी एक आकडा घालून ही तफावत भरून काढतात. तो सक्रियता गुणांक. आदर्श मिश्रणात तो १ असतो.

तो काढायचा कसा? निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. वजनाने सुमारे ९५.६ टक्के इथेनॉल असलेलं मिश्रण ७८.२ अंश सेल्सिअसला उकळतं आणि त्याच्या बाष्पातही नेमकं तेच प्रमाण असतं. अशा ठिकाणी द्रव आणि बाष्पातले वाटे भागाकारात एकमेकांना रद्द करतात. उरतो फक्त एकूण दाब भागिले शुद्ध घटकाचा दाब. त्या तापमानाला शुद्ध इथेनॉलचा दाब सुमारे ७५५ मिलिमीटर पारा, पाण्याचा ३३०. वातावरणाचा दाब ७६०. म्हणजे इथेनॉलचा गुणांक १.०१ आणि पाण्याचा २.३. साध्या भागाकारातून इतकं हाती लागतं, हे मला फार सुंदर वाटतं.

साधं ऊर्ध्वपातन अडतं तेही इथेच. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल याहून कोरडं लागतं, म्हणून महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमध्येही उरलेलं पाणी रेणूचाळणीने शोषून घेतात.

आता बाकीची प्रमाणं. दोन घटकांचे गुणांक एकमेकांपासून सुटे नसतात. गिब्ज-ड्युहेम समीकरण त्यांना बांधून ठेवतं. त्या बंधनात बसणारी सूत्रं मार्ग्युलेस यांनी १८९५ मध्ये, पुढे व्हान लार यांनी मांडली. त्यांत दोनच स्थिरांक, आणि वरचे दोन गुणांक घातले की ते मिळतात. पण १.०१ हा आकडा १ च्या इतका जवळ आहे, की तापमापीतली अंशाच्या दहाव्या भागाची चूकही स्थिरांक बिघडवते. म्हणून अनेक प्रमाणांवर मोजमाप घेऊन स्थिरांक जुळवणंच शहाणपणाचं.

१९६४ मध्ये विल्सन यांनी प्रत्येक रेणूच्या अगदी जवळचा शेजार हिशोबात धरला. इथेनॉल-पाण्याला त्यांचं सूत्र उत्तम बसतं. ब्युटॅनॉल आणि पाण्यासारखे दोन थर पडणाऱ्या जोडीला मात्र ते वापरू नये: त्याच्या गणितात थर पडूच शकत नाहीत. तिथे १९६८ चं एनआरटीएल सूत्र घ्यावं लागतं.