बॅटरी निर्दोष, गुन्हेगार दुसराच!

स्पोर्ट्‌स कार ही रोजच्या धावपळीची गाडी नव्हे. आठ-पंधरा दिवस ती तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी असते आणि एखाद्या रविवारी सकाळी किल्ली फिरवावी तर स्टार्टरचा नुसता 'टक्' असा आवाज येतो. मग 'बॅटरी गेली' असे निदान होते, नवी महागडी बॅटरी बसते आणि महिन्याभरात तोच प्रकार पुन्हा घडतो. याचे कारण साधे आहे. बॅटरी उतरणे हा रोग नसून रोगाचे लक्षण आहे. बॅटरी जुनी झाली, ती नीट भरली जात नाही किंवा गाडी उभी असताना कोणीतरी चोरून वीज खाते आहे, या तीन शक्यता वेगळ्या केल्याखेरीज पैसे खर्च करू नयेत.

पोर्श ९११ हे यासाठी उत्तम उदाहरण आहे. १९६३ साली प्रथम लोकांसमोर आलेल्या या गाडीचे इंजिन मागे असते. १९९७ साली आलेल्या '९९६' आणि २००४ साली आलेल्या '९९७' या पिढ्यांमध्ये बॅटरी मात्र पुढच्या झाकणाखाली आहे. म्हणजे वीज तयार होते एका टोकाला आणि साठते दुसऱ्या टोकाला. मधली लांब केबल आणि तिचा प्रत्येक जोड ही दोषाची संभाव्य जागा ठरते.

तपासणीसाठी लागतो एक साधा मल्टिमीटर. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीचा दाब मोजावा. १२.६ व्होल्ट किंवा अधिक म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. भरलेली बॅटरी स्टार्टर फिरताना साधारण साडेनऊ व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर तिचे आयुष्य संपत आले असे समजावे.

आता इंजिन चालू करून दिवे आणि पंखा लावावा. बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर आपले काम करीत आहे. आकडा १३ च्या आतच राहिला तर चार्जिंगमध्ये दोष आहे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. अलीकडच्या अनेक गाड्यांत मात्र संगणकच अल्टरनेटरचा दाब कमी-अधिक करतो, त्यामुळे एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून पाहण्याची जुनी रीत तर कटाक्षाने टाळावी. त्या क्षणी उसळणारा दाब इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जाळू शकतो.

चार्जिंग कमी आढळले म्हणून लगेच अल्टरनेटर बदलू नये. मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलला आणि दुसरे बॅटरीच्या धन टर्मिनलला लावावे. इंजिन व दिवे चालू असताना अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर दोष केबलमध्ये आहे. वर उल्लेखिलेल्या दोन्ही पिढ्यांत अल्टरनेटर आणि स्टार्टर यांना जोडणारी केबल टोकाशी गंजते. इंजिन तापले की तिचा रोध वाढतो आणि गरम गाडी पुन्हा चालू होताना कुरकुरते. ही केबल बदलली नाही, तर नवी बॅटरी आणि नवा स्टार्टर बसवूनही तक्रार कायम राहते.

चार्जिंग ठीक असूनही बॅटरी उतरत असेल तर वीजचोर शोधावा. बॅटरीची ऋण केबल काढून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर दहा अँपिअरच्या मापनावर जोडावा. त्यानंतर किल्ली फिरवू नये, अन्यथा मीटरचा फ्यूज उडेल. झाकणाचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने मिटवावे, म्हणजे झाकण बंद आहे असे गाडीला वाटते. काम संपल्यावर ते आठवणीने उघडावे. गाडीतील संगणक झोपी जाण्यासाठी तासभर थांबावे. त्यानंतर ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सामान्य मानतात. ८० अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्या वापराने निम्मी व्हायला महिना लागतो. प्रवाह अर्धा अँपिअर असेल, तर ती आठवड्यात रिकामी होते.

मग प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरील दोन धातूबिंदूंमध्ये मिलिव्होल्ट मोजावेत. जेथे आकडा उमटतो, तेथून प्रवाह वाहतो आहे. फ्यूज उपसत बसल्यास झोपलेले संगणक जागे होतात, म्हणून ही पद्धत बरी. बाहेरून बसवलेले ॲम्प्लिफायर व अलार्म आधी तपासावेत. कोणत्याही फ्यूजवर काही न आढळल्यास अल्टरनेटरच्या फुटक्या डायोडचा संशय घ्यावा.

बॅटरी पूर्ण उतरली की '९९७' चे विजेवर चालणारे पुढचे झाकणही उघडत नाही. त्यासाठी पायापाशी असलेल्या फ्यूजपेटीत बाहेर ओढता येणारे धन टोक दिलेले आहे. तेथे बाहेरून वीज देऊन केवळ झाकण उघडावे. त्यावरून गाडी चालू करण्याचा प्रयत्न करू नये.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर दाब आपोआप सांभाळणारा छोटा चार्जर लावून ठेवणे हा स्वस्त उपाय. मात्र तो दोषावर पांघरूण घालण्यासाठी नसावा. आधी मोजावे, मगच बदलावे.