फळी फुंकून पाहा!

अमेरिकेत १९५०च्या सुमारास बनलेल्या शेवरोले पिकअप गाडीच्या हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असे. तो कुजला, तर नव्या फळ्या कोणत्या लाकडाच्या घ्याव्यात?

ओक मजबूत खरा. पण तो तांबडा की पांढरा? तांबड्या ओकच्या जलवाहिन्या मोकळ्या असतात. तंतूंच्या दिशेने कापलेल्या तुकड्याचे एक टोक पाण्यात धरून दुसऱ्या टोकाने फुंकले, तर बुडबुडे येतात! याच वाटेने पाणी आत शिरते, मग बुरशी वाढते. पांढऱ्या ओकच्या गाभ्यात शेजारच्या पेशींचे फुगवटे वाहिन्यांत शिरून त्या बुजवतात. म्हणूनच मद्याची पिंपे त्याची करतात. हौद्यालाही तोच बरा.

ओलाव्याने फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून फळ्यांमध्ये फट ठेवून वर पोलादी पट्टी बसवतात.

वर्गात निरनिराळ्या लाकडांचे तुकडे फुंकून पाहा. वाहिन्या कोणाच्या मोकळ्या?