उताराआधीचा खर्च

सकाळी ६.३०
शटर वर करतो तेव्हा उंबरमाळी स्टेशनाकडून लोकलचा आवाज येतो. माझं गॅरेज महामार्गाच्या कडेला आहे. मागे कापणीला आलेलं भात, समोर नाशिककडे चाललेली रहदारी. दिवाळीची सुट्टी, म्हणजे आज कसारा घाटात छोट्या गाड्या भरपूर. आधी झाडू, मग जॅक आणि गाडीला टेकू देणाऱ्या लोखंडी घोड्यांची तपासणी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मी हात घालत नाही, हाताखालच्या पोरालाही घालू देत नाही.

७.४५
पहिली गाडी गुरुजींची, दहा वर्षं जुनी आल्टो. "ब्रेक दाबला की किर्र वाजतं रे. वणीला निघालोय सगळे, बघ जरा."

पुढचं चाक खोललं. नव्या पॅडचा थर साधारण १० मिलिमीटर असतो, गुरुजींच्या पॅडचा २ च्या आसपास उरला होता. थर संपत आला की पॅडवरची पत्र्याची पट्टी डिस्कला टेकते, तोच हा आवाज. डिस्कवरून बोट फिरवून पाहिलं, गुळगुळीत. गुरुजींनाही फिरवायला लावलं. गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दाखवल्याशिवाय मी बिलाचा आकडा बोलत नाही.

"एकाच चाकाचे बदलले तर?" त्यांनी विचारलं.

"ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढेल, गुरुजी. बदलायचे ते दोन्ही चाकांचे."

पॅडचा सेट १,४००. कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस आणि मजुरी ४००. एकूण १,८००. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे हजार रुपये मूळ किमतीचा भाग १,२८० ऐवजी १,१८० ला पडतो. शंभर रुपयांचा हा फरक गिऱ्हाइकाच्या हातात पोचला पाहिजे, म्हणून दुकानाची पावती मी बिलाला टाचून देतो.

९.१५
पॅड बसले, पण गाडी लगेच हलवायची नसते. पिस्टन मागे दाबलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल रिकामं जातं. चारपाच वेळा दाबून ते घट्ट झालं, मगच चावी दिली. "पहिले दोनतीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका. आणि ज्या गिअरवर घाट चढाल त्याच गिअरवर उतरा." गुरुजींनी मान डोलावली आणि गाडी कसाऱ्याकडे वळवली.

११.००
मागच्या चाकांची दोन छोटी कामं. या लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, ड्रमच्या आत शू. ड्रम उघडला की काळी भुकटी दिसते. पोराचा हात लगेच हवेच्या पाइपकडे गेला, त्याला थांबवलं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुप्फुसात बसते. ओल्या फडक्यानेच पुसायचं. एका गाडीचा नुसता हँडब्रेक ताणून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

दुपारी १.१५
नाशिकहून खाली आलेली गाडी दारात थांबली ती जळका वास घेऊनच. तरुण मुलगा चालवत होता, मागे त्याची आई मांडीवर नातवाला घेऊन. "काका, शेवटच्या वळणांवर पेडल आतच जायला लागलं." त्याचे हात थरथरत होते. बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला निघाला, त्याला अडवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर तिला तडा जाऊ शकतो. सगळ्यांना सावलीत बसवलं आणि चाकं निवेपर्यंत तासभर हात लावला नाही.

२.३०
पॅड संपून लोखंडावर लोखंड घासलं होतं. डिस्कवर नखाला अडतील अशा चऱ्या. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, ही त्याखाली गेली होती. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांच्या वर उकळतं, ओलावा मुरला की तीच मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल आत जातं.

"आवाज कधीपासून?"

"गणपतीपासून."

पोराला मोटरसायकलवर शहापूरला पिटाळलं.

३.००
तोवर त्या मुलाला हिशेब मांडून दाखवला. कसारा आणि इगतपुरी यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. माणसांसकट टनभर वजनाची गाडी तेवढी खाली आणताना जी उष्णता निघते तिच्यावर नऊ लिटर पाणी उकळेल. गिअर मोठा ठेवला तर जवळजवळ सगळी ब्रेकवर येते, दुसऱ्या गिअरवर उतरलं तर बरीचशी इंजिन पेलतं. इथे रेल्वेचा चढही ३७ फुटांना एक फूट आहे, कसाऱ्याला गाड्यांना जादा इंजिनं लागतात. "पण माझ्या गाडीला एबीएस आहे," तो म्हणाला. एप्रिल २०१९ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना आहे. ते चाक जाम होऊ देत नाही, पण संपलेल्या पॅडचं काम ते करू शकत नाही.

४.३०
सामान आलं. डिस्क, पॅड, मागचे शू बसवून ब्रेकची हवा काढली, मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून. पोरगा सीटवर, मी चाकाशी. "मार... मार... धर." बुडबुडे थांबेपर्यंत हेच.

५.४५
गाडी खर्डीपर्यंत नेऊन आणली. आधी वीसच्या वेगाला, मग चाळीसला. सरळ थांबते.

६.१५
बिल: पॅड १,४००, दोन डिस्क ३,६००, शू ९००, ऑइल ३००, मजुरी १,२००. एकूण ७,४००. मुलाने जुने भाग मागितले नव्हते, तरी पिशवीत घालून दिले. आजींनी चरी पडलेल्या डिस्कवरून अंगठा फिरवला आणि नातवाला आणखी जवळ ओढलं. "गणपतीतच यायला हवं होतं," त्या मुलाला म्हणाल्या.

रात्री ८.००
गल्ला मोजला. सकाळच्या गाडीने मला चारशे दिले, दुपारच्या गाडीने बाराशे. तरी रोज सकाळची गाडी यावी असंच मला वाटतं. दुपारच्या गाडीने माझ्या दारापर्यंत यायचं की नाही, हे माझ्या हातात नव्हतं.

वहीत गुरुजींच्या गाडीचे किलोमीटर लिहिले. पुढची तपासणी पाच हजारांनी, फुकट. खाली त्या मुलाचा फोन नंबर, आणि त्यापुढे "ऑइल, दोन वर्षांनी". शटर ओढताना फोन वाजला. गुरुजी होते. घाट उतरून कसाऱ्याला चहा घेत होते.