कॅमेऱ्याचे तीन पाय : हलका ट्रायपॉड आणि फ्ल्यूइड हेड यांची निवड



संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनस, किमान वेतन आणि ग्रॅच्युइटी यांवर बोलणार, अशी आपली समजूत असते. आणि ती बहुधा खोटी ठरत नाही. आज मात्र आम्ही सिनेमाच्या कॅमेऱ्याखालच्या तीन पायांविषयी बोलणार आहोत. हा विषय तुमचा कसा, असे कोणी विचारील. या तीन पायांनी आमचे दोनदा नुकसान केले आणि दोन्ही वेळा त्याची किंमत कष्टकरी माणसाने मोजली. म्हणून तो आमचा झाला.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेने असे ठरविले की, नगरच्या विडी कामगार बायांची आणि पाथर्डीकडच्या ऊसतोडणी कामगारांची हकीकत त्यांच्याच तोंडून चित्रित करून ठेवावी. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, ही गोष्ट पुस्तकात सापडते. परंतु हजार विड्या वळून नेल्यावर त्यांतल्या किती 'छाट' म्हणून बाजूला पडत आणि त्या दिवशी घरी चूल कशी पेटे, हे पुस्तकात सापडत नाही; ते सांगणारी माणसे आता थकत चालली आहेत. चित्रीकरणाला पोरे आमच्यातलीच होती. नगरमध्ये हे शिक्षण मिळते. नागराज मंजुळे हे येथल्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकले आणि त्यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला २०११ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत मान मिळाला. तेव्हापासून आमच्या पोरांना हे काम आपल्याही आवाक्यातले वाटू लागले आहे.

पहिल्या वेळी आम्ही भाड्याने एक जुना, दणकट स्टँड आणला. हेडसकट वजन वीस किलोच्या वर. गर्भगिरीच्या डोंगरातल्या एका तांड्यावर तो खांद्यावरून नेताना आमच्या एका पोराचा पाय घसरला आणि कंबर धरली. आठ दिवस तो अंथरुणावर होता. दुसऱ्यांचे अपघात मांडता मांडता आमचे केस पांढरे झाले, आणि हा अपघात आमच्याच कामावर झाला! मग आम्ही वर्गणी काढली आणि एका शहरातल्या दुकानातून मिळेल तो सर्वांत हलका ट्रायपॉड विकत आणला. त्यावर कॅमेरा ठेवून नगरच्या एका वृद्ध विडी कामगार बाईंची मुलाखत घेतली. बाई दीड तास बोलल्या. घरी येऊन पाहतो तो काय, बोलता बोलता कॅमेऱ्याचे तोंड हळूहळू खाली झुकत गेलेले. शेवटच्या वीस मिनिटांत बाईंचा चेहरा नाही, नुसते सूप आणि हात. पुन्हा घेऊ म्हणून आम्ही थांबलो. त्या महिन्यात बाई गेल्या.

तेव्हापासून आम्ही हा विषय शाळकरी पोरासारखा शिकलो. शब्दकोश जवळ घेऊन माहितीपत्रके वाचली, कारागिरांना विचारले. जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हे पाहू की, कॅमेऱ्याला पाय लागतातच का? दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. त्याचा दांडा एका हाताने फिरवावा लागे. हात फिरला की यंत्र हलणार. म्हणून ते तिपाईवर घट्ट बसविणे अपरिहार्यच होते. १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' अशाच पायांवर उभा राहिला. आजचा कॅमेरा आपोआप चालतो आणि हातातही धरता येतो. पण माणूस तास-दीड तास बोलत असेल तर हात थकतात. शिवाय दूरचे जवळ आणणारे भिंग लावले की बारीक थरकापही मोठा दिसतो. हिशेब सोपा आहे. सिनेमाच्या नेहमीच्या सुपर ३५ आकाराच्या पडद्यावर २४ मिलिमीटरचे भिंग आडवे सुमारे ५५ अंशांचे दृश्य पाहते, तर २०० मिलिमीटरचे सुमारे ७ अंशांचे. कॅमेऱ्याला अर्ध्या अंशाचा धक्का बसला, तर पहिल्यात चित्र शंभरातला एक भाग सरकेल; दुसऱ्यात शंभरातले सात. पहिला धक्का प्रेक्षकाच्या ध्यानातही येणार नाही, दुसऱ्याने तो खुर्चीत दचकेल.

आता फ्ल्यूइड हेड म्हणजे काय? पायांच्या माथ्यावर जे डोके बसते आणि ज्यावर कॅमेरा डावीउजवीकडे व वरखाली फिरतो, ते हेड. आडव्या फिरण्याला पॅन म्हणतात, उभ्या फिरण्याला टिल्ट. साध्या हेडमध्ये धातूवर धातू घासतो. अशा घर्षणाचा एक स्वभाव आहे : वस्तू जागची हलविताना जोर जास्त लागतो, आणि एकदा हलली की कमी पुरतो. जड कपाट ढकलताना आपण हा अनुभव घेतलाच असेल. आधी हलत नाही आणि मग एकदम सरकते. कॅमेऱ्याच्या बाबतीत हाच झटका चित्रात उतरतो.

द्रवाची गोष्ट वेगळी. गुऱ्हाळावर घट्ट काकवीत उलथने फिरवून पाहा. सावकाश फिरविले तर ते सहज फिरते. घाईने फिरवू गेले की काकवी विरोध करते. जितकी घाई, तितका विरोध. पण सुरुवातीचा झटका नाही. फ्ल्यूइड हेडमध्ये दोन फिरत्या पृष्ठभागांमध्ये असाच दाट द्रव भरलेला असतो. चालविणाऱ्याचा हात थोडा अडखळला तरी तो द्रव अडखळ पिऊन टाकतो. हा विरोध कमीअधिक करण्यासाठी हेडवर आकड्यांची कडी असते. तिला ड्रॅग म्हणतात. काकवी थंडीत घट्ट होते, तद्वत हा द्रवही. म्हणून पौषातल्या पहाटे उसाच्या फडात काम असेल, तर हेड आधी काही वेळ दोन्ही दिशांना फिरवून मोकळे करावे आणि ड्रॅग एक आकडा खाली ठेवावा.

या युक्तीमागे एका छंदिष्टाची कथा आहे. चॅडवेल ओ'कॉनर या अमेरिकन इंजिनियराला वाफेच्या आगगाड्यांचे चित्रीकरण करण्याचा नाद होता. धावत्या इंजिनामागे कॅमेरा फिरवताना झटके बसत. म्हणून त्याने स्वतःसाठी द्रवाचे हेड बनविले. ते वॉल्ट डिस्नेच्या नजरेस पडले आणि त्याच्या वन्यजीवनावरील चित्रपटांसाठी वापरात आले. १९९२ सालच्या पुरस्कारांत ऑस्कर देणाऱ्या अकादमीने या कल्पनेबद्दल ओ'कॉनरचा गौरव केला. म्युनिकमध्ये १९५८ साली हेड बनविण्याचा कारखाना काढणारा वेंडेलिन झाख्टलर हाही मूळचा कॅमेरामनच. हत्यार सुधारण्याची बुद्धी बहुधा हत्यार वापरणाऱ्यालाच होते, हे आमच्या कामगार बांधवांनी ध्यानात ठेवावे.

आता आमची मुलाखत का बिघडली, ते सांगतो. कॅमेरा हेडच्या कण्याच्या वर बसतो. तो जरा पुढे कलला की स्वतःच्या वजनाने आणखी कलू पाहतो. हे ओझे तोलण्यासाठी चांगल्या हेडमध्ये स्प्रिंग असते. तिला काउंटरबॅलन्स म्हणतात. ती कॅमेऱ्याच्या वजनाशी जुळली म्हणजे कोणत्याही कोनात हात सोडला तरी कॅमेरा तिथेच थांबतो. आमच्या स्टँडात ती स्प्रिंगच नव्हती. एका मळसूत्राच्या चिमटीवर सगळा भार होता आणि ती चिमटी हळूहळू सुटत गेली.

येथे खरेदीदाराची हमखास फसगत होते. माहितीपत्रकावर लिहिलेले असते, 'भार आठ किलो'. पण स्प्रिंगला नुसते वजन कळत नाही. ते वजन कण्यापासून किती उंचीवर आहे, हेही कळते. कण्याच्या वर पंधरा सेंटिमीटरवर तोललेले चार किलो आणि साडेसात सेंटिमीटरवर तोललेले आठ किलो यांचा कलण्याचा जोर सारखाच. कॅमेऱ्याच्या डोक्यावर मॉनिटर, माइक आणि बॅटरी चढविली की तोलाचा बिंदू वर जातो, आणि आठ किलोचे हेड पाच किलोलाच हात टेकते. म्हणून आकडा वाचताना 'किती उंचीवर?' हा प्रश्न विचारावा. वजनही नुसत्या कॅमेऱ्याचे धरू नये. अलेक्सा मिनी हा नावाजलेला कॅमेरा नुसता सव्वादोन-अडीच किलोंच्या घरातला. पण भिंग, बॅटरी व इतर सरंजाम लागला की ओझे दुप्पट-तिप्पट होते. सगळा सरंजाम चढवून तराजूवर ठेवावा आणि मगच दुकानात जावे. उलट फार दणकट हेडही कामाचे नाही : हलक्या कॅमेऱ्याला मोठी स्प्रिंग उलट ढकलीत राहते.

पायांकडे वळू. हलके पाय ॲल्युमिनियमचे किंवा कार्बन फायबरचे. कार्बन फायबर हलके, ताठ आणि थरथर लवकर जिरविणारे, पण महाग. त्यावर दगडाचा जोराचा घाव बसला तर चीर जाते आणि ती ठोकून सरळ होत नाही. ॲल्युमिनियम स्वस्त, त्याला पोचा पडतो, पण मग आतली नळी अडकते. दोन्हींपैकी काहीही घ्या, पाहायचे ते हे की पायांना पीळ बसतो का. पाय पसरून उभे करावेत, माथा दोन्ही हातांनी धरून पिळावा. माथा फिरून परत येत असेल, तर वरचे हेड कितीही उत्तम असो, पॅन थांबविताच चित्र मागे सरकेल. दुकानात कॅमेरा नेऊन लांब भिंग लावावे, भिंतीवरच्या एका खुणेवर सावकाश थांबावे आणि दांडी सोडावी. खूण जागेवर राहिली तर सौदा पुढे न्यावा.

पायांच्या माथ्याला वाटी असावी. तिच्यात हेडचा गोळा बसतो आणि खालचा मुठा सैल करून, पाय न हलविता, हेड पाणसळीत आणता येते. हलक्या सामानाला ७५ मिलिमीटरची वाटी पुरते, जड सामानाला १०० ची लागते. पाय जोडणारी पसरणी जमिनीलगत असेल तर ती सभागृहातल्या फरशीवर चांगली. ढेकळांत आणि उतारावर ती अडचण करते. आमच्या जिल्ह्यात काम करणाऱ्याने मधल्या उंचीची पसरणीच घ्यावी. कुलपे काळ्या मातीने भरतात. ती कोरड्या फडक्याने पुसावीत, तेल घालू नये, तेलाला धूळ चिकटते.

कोणी म्हणेल, हलके सामान वाऱ्याला टिकेल का? टिकत नाही, हे खरेच आहे. पण वजन डोंगरावर वाहून नेण्याची गरज नाही. रिकामी पिशवी न्यावी, वर गेल्यावर तीत दगडमाती भरून पसरणीला बांधावी आणि पाय रुंद व बुटके ठेवावेत. दगड तिथे फुकट मिळतात. माणसाची कंबर मात्र फुकट नाही.

सारांश सांगतो. हेड आणि पाय मिळून चार ते सहा किलोंचा संच एक माणूस डोंगर चढून नेऊ शकतो, आणि बेताच्या कॅमेऱ्याला तो पुरतो. सिनेमाच्या भरलेल्या कॅमेऱ्याला दहा-बारा किलोंचा संच लागतो. तिथे उचलायला दोन माणसे धरावीत आणि दोघांची मजुरी अंदाजपत्रकात लिहावी. वर्षातून चार वेळाच काम असेल तर विकत घेऊ नये, भाड्याने घ्यावे. पण भाड्याचे सामानही वर सांगितल्याप्रमाणे तपासूनच उचलावे. पैसे थोडे असतील तर कॅमेरा थोडा साधा घ्यावा आणि पाय चांगले घ्यावेत. कॅमेरे लवकर जुने होतात. चांगले पाय दोन-तीन कॅमेऱ्यांना पुरून उरतात.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली अशी शिफारस केली की, प्रौढ पुरुषाला एका वेळी ५५ किलोंहून अधिक ओझे हाताने वाहायला लावू नये. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या माणसाला ही शिफारस कोणी वाचून दाखविली असेल, असे आम्हाला वाटत नाही. पण ज्याच्या ओझ्याची गोष्ट आपण टिपायला जातो, त्याच्या गावी दुसऱ्या एका पोराची कंबर मोडून जाऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

त्या बाईंच्या मुलाखतीतली शेवटची वीस मिनिटे आम्ही पुसलेली नाहीत. चेहरा नाही, पण हात आहेत, आणि आवाज स्पष्ट आहे. नव्या पोरांना हे काम शिकविताना आम्ही प्रथम तीच दाखवितो. मग स्टँड उभा करतो, त्यावर कॅमेरा ठेवतो, हेड मोकळे सोडतो, आणि त्यांना दहा मिनिटे नुसते बघत बसायला सांगतो.