पावसात कुर्ल्या धरायला जाताय?

पाऊस आणि खेकडे यांचं नातं आपल्या भागात कुणाला सांगायला नको. मृगाचा पाऊस सुरू झाला की खानापूरकडच्या ओढ्यांवर रात्री बॅटऱ्या चमकू लागतात. मराठी घरात खेकडा, कन्नड घरात एडी, रस्सा मात्र दोन्हीकडे झणझणीतच! पण हा गोड्या पाण्यातला खेकडा, तळहातावर मावणारा. दोन्ही हातांनी धरावी लागते अशी कुर्ली बघायची असेल, तर घाट उतरून कारवारच्या खाडीत जायला हवं.

माझी सासुरवाडी सदाशिवगडची. जोयडा तालुक्यात उगम पावलेली काळी नदी इथं समुद्राला मिळते. एका काठाला सदाशिवगड, दुसऱ्या काठाला कोडीबाग आणि मध्ये नदीचं रुंद मुख. कन्नडमध्ये याला ‘अळिवे’ म्हणतात. मुखापासून आत गेलं की काठाला खारफुटी लागते. तिच्या मुळांमधला चिखल म्हणजे कुर्ल्यांचं घर. माझे मामेसासरे आयुष्यभर या पाण्यावर होडी चालवत आले आहेत. सुट्टीत गेलो की त्यांच्या होडीतून कुर्ल्या धरायला जाणं हा आमच्या घरचा शिरस्ता. धंदा त्यांचा, हौस आमची.

१ जून ते ३१ जुलै या काळात समुद्रात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. मोठ्या बोटी किनाऱ्याला लागतात. मग पाहुण्यांना वाटतं, समुद्र बंद असला तरी खाडी आहेच की! खाडीत कसली भीती? हा समज दूर व्हावा म्हणूनच हा लेख.

सापळा आणि पंचांग

कुर्लीचा सापळा अगदी साधा. लोखंडी कडीला जाळं बांधलेलं, मध्ये माशाचं डोकं किंवा कोंबडीची आतडी. दोरीच्या वरच्या टोकाला तरंगायला प्लास्टिकचा डबा. सापळा तळाला टेकवायचा आणि पंधरा-वीस मिनिटांनी न थांबता वर ओढायचा. मध्ये हात सैल पडला तर कुर्ली निसटलीच म्हणून समजा. कोकणात काही ठिकाणी याला ‘फग’ म्हणतात.

सापळ्यापेक्षा महत्त्वाचं आहे भरती-ओहोटीचं गणित, आपल्या कन्नडमधलं ‘उब्बर-इळित’. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे पाण्याची चढ-उतार मोठी आणि ओढही जोराची. अष्टमीच्या आसपास ती कमी, त्याला भांग म्हणतात. मामा अजून पंचांग बघूनच होडी काढतात.

कुर्ली जाते खाली, माणूसही मागे

आता पावसाळ्यातली गोम बघा. वरून पावसाचं पाणी आलं की खाडी गोडी होऊ लागते. मग बऱ्याच कुर्ल्या खाऱ्या पाण्याकडे, म्हणजे मुखाच्या दिशेनं सरकतात. आत रिकामे येणारे सापळे तिकडे भरून येतात. साहजिकच होडीही खाली खाली जाऊ लागते.

आणि नेमकी तीच जागा पावसाळ्यात सगळ्यात वाईट. ओहोटी लागली की खाडीचं पाणी समुद्राकडे धावतं. त्यात पावसाचा लोंढा. वर कद्रा धरणातून पाणी सोडलं असेल तर विचारायलाच नको. समोरून मात्र पश्चिमेचा वारा आत रेटत असतो. पाणी बाहेर, वारा आत. या दोघांच्या झटापटीत लाटा आखूड आणि उभ्या होतात. मोठी लाट लांबट असेल तर लहान होडी तिच्यावरून चढून उतरते, पण अशा उभ्या लाटा एकामागून एक आल्या की नाळ वर यायलाही सवड मिळत नाही आणि पाणी आत येतं. आपल्या घटप्रभा-मलप्रभेचा पूर एकाच दिशेनं वाहतो. काळीच्या मुखाशी मात्र दोन दिशांचं बळ एकमेकांवर आदळतं.

मामा होडी फिरवतात

श्रावणातल्या एका रविवारची गोष्ट. होडीत मामा, मी आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा. बारा सापळे टाकलेले. आठ काढले तेव्हा गोणपाटात सहा कुर्ल्या होत्या. उरलेले चार सगळ्यात खाली, मुखाच्या अंगाला. पाऊस बारीक होता, वारा फारसा नव्हता.

मामांनी पाण्याकडे बोट केलं. मघाचं हिरवट पाणी तांबूस झालं होतं, त्यावरून झावळ्या आणि काटक्या वाहत येत होत्या. पश्चिमेला आभाळाची एक काळी पट्टी खाली उतरली होती. मामांनी एक शब्द न बोलता होडी फिरवली.

मुलगा कळवळला. “अज्जा, अजून चार राहिलेत! मोठ्या कुर्ल्या त्यातच असणार!”

“असू देत,” मामा म्हणाले. “साकु आजच्यापुरतं. उद्या सकाळी बघू.”

काठ गाठून होडी वर ओढेपर्यंत वाऱ्यानं असा जोर धरला की समोरचा कोडीबागचा किनारा दिसेना. दुसऱ्या दिवशी चारांतले दोनच सापळे सापडले. मामांनी त्याचा उल्लेखसुद्धा केला नाही. रात्री जेवताना मात्र मी विचारलं, “मामा, आम्ही हट्ट धरला असता तर?”

ते हसले. “जावईबापू, पाहुणे घाट उतरून येतात. त्यांना नाही म्हणायला जीभ रेटत नाही. वाऱ्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते बघा.”

पाहुण्यांनी काय करावं

वाचकहो, हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं आहे. आपल्याकडे पाहुण्याचा शब्द मोडत नाहीत, मग तो मराठी घरचा असो की कन्नड. म्हणूनच होडीत पाय ठेवण्याआधी पाहुण्यानंच सांगावं, “मामा, तुम्ही म्हणाल तेव्हा परत. एकही कुर्ली मिळाली नाही तरी चालेल.” यजमानाचा संकोच तिथंच मिटतो आणि होडी वेळेवर फिरते.

धोका पावसाळ्यापुरताच असतो असंही नाही. २१ जानेवारी २०१९ रोजी कारवारजवळच्या कूर्मगड बेटावरच्या जत्रेहून परतणारी बोट उलटून १६ जणांचा जीव गेला. जानेवारी महिना, म्हणजे पावसाचा थेंब नाही! बहुतेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हतं, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या.

म्हणून जाकीट बसायला घेऊ नका, अंगात घाला आणि पट्टे आवळा. मुलांना त्यांच्याच मापाचं द्या. सापळा एकानं ओढावा, बाकीच्यांनी बसून राहावं. कुर्ली बघायला सगळे एका बाजूला झुकले की लहान होडी कलंडते. गडगडाट ऐकू आला की काठ गाठा. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्याशिवाय पुन्हा पाण्यात उतरू नका. दुर्दैवानं होडी उलटलीच, तर पोहत काठ गाठण्याच्या नादी न लागता होडीलाच धरून राहा. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा लाटांचा अंदाज बघा. दोन्ही मोबाइलवर मिळतात.

आणि कुर्ली मिळाली तर? पोटावरची झडप बघा. निमुळती तो नर, रुंद गोलसर ती मादी. झडपेखाली अंड्यांचा पुंजका दिसला तर ती परत पाण्यात सोडा. पिल्लंही सोडा. नुकतीच कात टाकलेली कुर्ली दाबली तर दबते, तिच्यात मांस कमी आणि पाणीच जास्त. तीही जाऊ द्या. उरलेल्यांच्या नांग्या दोरीनं बांधून ओल्या गोणपाटात ठेवा, घाट चढून बेळगावपर्यंत जिवंत येतात. दोन कमी आल्या तर रश्श्यात बटाटा घाला. आमच्या घरी तो कुर्लीइतकाच आवडीनं संपतो!