न थांबणारी घंटा

शाळेत घंटा वाजविणाऱ्या शिपायाकडे कुणाचे विशेष लक्ष नसते. वेळ झाली की तो टोले देतो, मुले आपापल्या वर्गात जातात, आणि तो हातोडी खुंटीला अडकवून पुन्हा बाकावर येऊन बसतो. त्याचे काम जितके टोला देण्याचे, तितकेच टोला देऊन थांबण्याचेही असते. आता श्रोत्यांनी अशी एक शाळा कल्पावी, की जिथे प्रत्येक टोल्यासरशी मुलांची एक नवी तुकडी आत यावयाची आहे आणि शिपाई थांबावयाचेच विसरला आहे. तासाभरात वर्ग, ओसरी, पटांगण सारे मुलांनी भरून जाईल; शिकविणे मात्र बंद पडेल. मनुष्याच्या रक्ताला होणाऱ्या एका कर्करोगाची हकीकत याहून फारशी निराळी नाही.

रक्ताच्या पेशी हाडांच्या पोकळीतील मज्जेत तयार होतात. एकट्या तांबड्या पेशीच दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक जन्माला येतात, आणि जुन्या झालेल्या तितक्याच नाहीशा होतात. एवढा मोठा कारखाना मुकाट्याने चालतो, कारण केव्हा वाढावे, केव्हा दुभंगावे आणि केव्हा मरावे, याचे निरोप प्रत्येक पेशीला सतत मिळत असतात. हे निरोप पोहोचविण्याचे काम काही प्रथिने करतात. प्रथिन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डाळ, अंडी, मासळी येते. परंतु पेशीच्या आतली प्रथिने ही निव्वळ पोषणद्रव्ये नव्हेत. ती अतिसूक्ष्म यंत्रे आहेत, आणि प्रत्येकाचे काम ठरलेले आहे.

यांतल्याच एका निरोप्याचे नाव ‘एबल’. हर्बर्ट एबल्सन या संशोधकाने १९७० साली उंदरांना रक्ताचा रोग जडविणारा एक विषाणू वर्णिला, त्याच्यावरून हे नाव पडले. एबलचे काम सांगावयास सोपे आहे. पेशीतल्या साठ्यातून फॉस्फेटचा एक कण उचलावयाचा आणि तो दुसऱ्या एखाद्या प्रथिनावर नेमक्या जागी चिकटवावयाचा. कण चिकटला की ते दुसरे प्रथिन जागे होते, ते तिसऱ्याला जागे करते, आणि असा निरोप पुढे पुढे जातो. हे करणाऱ्या प्रथिनांना शास्त्रज्ञ कायनेज म्हणतात. एबल हा कुणी शत्रू नव्हे, हे येथेच सांगून ठेवले पाहिजे. ज्या उंदरांमधून त्याचे जनुक काढून टाकले, ते दुबळे निपजले आणि त्यांतले बहुतेक अल्पायुषी ठरले. तो हवाच, प्रश्न आहे तो त्याच्या थांबण्याचा.

निरोगी पेशीत एबल बहुतेक वेळ स्वस्थ बसलेला असतो. त्याच्या एका टोकाला स्निग्ध पदार्थाची एक लहानशी शेपटी असते. ही शेपटी वळून त्याच्याच अंगातल्या एका खोबणीत जाऊन बसते, आणि तिच्यामुळे सारे यंत्र मिटलेले राहते. कुत्रे अंगाची वळकटी करून निजते, तसाच हा प्रकार. बाहेरून योग्य खूण मिळाली म्हणजे वळकटी सुटते, काम होते, आणि पुन्हा वळकटी पडते. ही खोबण आणि ही शेपटी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे.

ज्या रोगात हा बंदोबस्त मोडतो, त्याला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया म्हणतात. १८४५ साली एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेट यांनी आणि बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मोठ्या झालेल्या पाणथरीचे आणि पांढुरक्या झालेल्या रक्ताचे रोगी वर्णिले. ल्युकेमिया या शब्दाचा अर्थच मुळी ‘पांढरे रक्त’. रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात, म्हणजे एका घन मिलिमीटरात, पांढऱ्या पेशी साधारणतः चार ते अकरा हजार असाव्यात. या रोगात त्या लाखाच्याही पुढे जातात. रोगी आरंभी फारशी तक्रार करीत नाही. थकवा येतो, वजन उतरते, डाव्या बरगडीखाली जड वाटते. दोनचार वर्षे अशी संथ जातात, आणि मग एकाएकी रोग उसळतो. अपक्व पेशींचा लोंढा रक्तात येतो आणि पुढचे सारे महिन्यांत आटोपते. सोमल, क्ष-किरण, बुसल्फान, हायड्रॉक्सियुरिया असे उपाय एकामागून एक झाले. त्यांनी पेशींची संख्या खाली आणली, पण रोगाची उसळी टाळता आली नाही. पुढे इंटरफेरॉनने काहींना आणि दुसऱ्याच्या मज्जेच्या रोपणाने काहींना तारले. पण रोपणाला जुळणारा दाता लागतो आणि ते सोसणारे शरीर लागते.

मुळाशी काय आहे, याचा पहिला धागा १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात सापडला. तेथे पीटर नॉवेल यांनी त्यापूर्वी काही वर्षे ल्युकेमियाच्या पेशी रीतसर द्रावणाऐवजी नळाच्या पाण्याने धुतल्या होत्या. पाण्याने पेशी फुगल्या आणि आतली गुणसूत्रे सुटी सुटी दिसू लागली. प्रयोगशाळेतील सगळ्याच चुका अशा फळत नाहीत, परंतु ही फळली. डेव्हिड हंगरफोर्ड या विद्यार्थी-संशोधकाच्या साहाय्याने पाहता पाहता दोघांच्या ध्यानी आले, की या रोग्यांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड आहे. त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणू लागले. पण ते आखूड का? तुटलेला तुकडा गेला कुठे?

या प्रश्नाचे उत्तर यावयास तेरा वर्षे लागली, आणि ते शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांच्या जेवणाच्या टेबलावर मिळाले. गुणसूत्रांवर पट्टे उमटविण्याची नवी रीत तेव्हा नुकतीच निघाली होती. त्यांची छायाचित्रे घरी आणून त्या ती कात्रीने कापीत आणि जोड्या लावीत. आई कागदी बाहुल्यांशी खेळते, म्हणून मुले थट्टा करीत. कापता कापता त्यांना दिसले, की २२व्या गुणसूत्राचा तुकडा नाहीसा झालेला नाही; तो ९व्या गुणसूत्राच्या टोकाला जाऊन चिकटला आहे. पुढे कळले, की ही नुसती चोरी नव्हे, अदलाबदल आहे. ९व्याचाही एक लहान तुकडा २२व्यावर आलेला असतो, आणि त्या लहान तुकड्यातच एबलचे जनुक असते.

२२व्या गुणसूत्रावर जेथे तो तुकडा येऊन बसतो, तेथे ‘बीसीआर’ नावाचे दुसरेच जनुक आहे. दोन जनुके अशी अर्धवट जोडली गेली की पेशी त्यांचे एकच वाक्य समजते आणि त्यानुसार एक जोडप्रथिन घडविते: पुढचा भाग बीसीआरचा, मागचा एबलचा. यात दोन अनर्थ होतात. एबलचे ते शेपटीचे टोक तुटून मागे राहते, त्यामुळे वळकटी पडतच नाही. शिवाय बीसीआरच्या अंगी आपल्यासारख्यांशी बिलगण्याचा गुण आहे, त्यामुळे अशी चार जोडप्रथिने एकत्र येतात आणि एकमेकांना जागे ठेवतात. आता बाहेरून कुणी निरोप देवो वा न देवो, टोले पडतच राहतात. बोस्टन-केंब्रिजच्या परिसरातील शास्त्रज्ञांनी १९९० साली हे जोडजनुक उंदरांच्या मज्जेत घातले, तेव्हा त्या उंदरांना माणसासारखाच रोग झाला. एवढ्या एका बिघाडाने रोग उभा राहतो, हे त्यावरून ठरले. हा बिघाड मज्जेतल्या एका मूळ पेशीत, जन्मानंतर केव्हातरी घडतो. तो आईबापांकडून येत नाही, मुलांना जात नाही, आणि रोग्याच्या ताटात जेवल्याने लागत नाही. आजही ल्युकेमियाच्या रोग्याचे भांडे वेगळे ठेवणारी घरे आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगावयाचे.

दोषी एकच असेल, तर त्या एकाला आवरता येईल काय? कायनेजे शरीरात पाचशेहून अधिक आहेत, आणि फॉस्फेट उचलण्याची त्यांची जागा एकमेकींसारखी दिसते. एकीला बंद करावयास गेले तर साऱ्याच बंद पडतील, अशी रास्त भीती होती. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सीबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन, युर्ग झिमरमान, एलिझाबेथ बुखडुंगर या मंडळींनी तरीही चिकाटी धरली आणि थोड्याच कायनेजांना नेमके अडविणारी संयुगे घडविली. डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी ती रोगी पेशींवर तपासली, आणि त्यांतल्या एकाने रोगट पेशी मेल्या, निरोगी पेशी मात्र बचावल्या. हे १९९६ साली प्रसिद्ध झाले. या रोगाचे रोगी थोडे, लाखात वर्षाकाठी एखाददुसरा. तेव्हा औषधावर खर्च करावा की नाही, याची कंपनीत बराच काळ चालढकल चालली. अखेर जून १९९८ मध्ये पहिल्या रोग्याला गोळी मिळाली. ज्यांना रोज ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा दिली, अशा ५४ रोग्यांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. कर्करोगाच्या औषधाच्या पहिल्याच चाचणीत असे आकडे सहसा दिसत नाहीत. मे २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याचे नाव इमॅटिनिब. ते एबलच्या मिटलेल्या स्थितीला धरून ठेवते आणि फॉस्फेटची जागा अडविते. आरंभीच्या मोठ्या चाचणीतील इमॅटिनिब घेणाऱ्यांपैकी शेकडा ८३ जण दहा वर्षांनंतर हयात होते.

गोळी निघाली, पण ती घ्यावयाची कुणी? आपल्या देशात हा रोग पाश्चात्य देशांपेक्षा बराच लवकर, पुष्कळदा ऐन चाळिशीच्या आत किंवा आसपास, गाठतो. म्हणजे घर चालविणारा माणूसच आजारी पडतो. मूळ कंपनीच्या औषधाला महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास रुपये पडत. हैदराबादच्या नॅटकोसारख्या भारतीय कारखान्यांनी तेच औषध दहा हजारांच्या आत-बाहेर उपलब्ध केले. मग एकाधिकाराचा तंटा उभा राहिला. पेटंटच्या चेन्नई कार्यालयाने २००६ साली मूळ कंपनीचा, म्हणजे आता नोव्हार्टिस झालेल्या कंपनीचा, अर्ज फेटाळला. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन रोग्यांच्या बाजूने या लढ्यात होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने कंपनीचे अपील फेटाळले. ठाऊक असलेल्या औषधाचे नवे स्फटिकरूप काढले, एवढ्याने नवा एकाधिकार मिळत नाही, गुण वाढला असल्याचे दाखवावे लागते, असा त्याचा आशय होता. संशोधनाला पैसा लागतो, हे कंपनीचे म्हणणे खोटे नव्हते. पण महिन्याच्या पगारात जी गोळी बसत नाही, ती रोग्याच्या दृष्टीने निघालेलीच नसते.

एक धोका मात्र रोग्याच्या स्वतःच्या हातात असतो. महिन्या-दोन महिन्यांत रक्त सुधारते, पाणथरी ओसरते, माणूस कामाला लागतो. आणि मग गोळी चुकू लागते. कधी पैशाची ओढ, कधी मळमळ, कधी ‘आता काय झाले आहे मला?’ हा विचार. पण रोगट पेशी मज्जेत दडून असतात. लंडनमधील डॉक्टरांनी २०१० साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तीत ज्यांनी दहा गोळ्यांतली एक किंवा त्याहून अधिक चुकविली, त्यांच्यात रोग खोलवर आटोक्यात येण्याचे प्रमाण फारच उतरलेले आढळले. म्हणून रोगी ठणठणीत दिसला तरी दर तीन महिन्यांनी रक्ताची एक तपासणी करावी लागते. ती लाख पेशींत लपलेली एखादी रोगट पेशीही हुडकू शकते.

कधी कधी गोळी नेमाने घेऊनही गुण जातो. जोडप्रथिनाच्या साखळीत ३१५ क्रमांकाच्या जागी थ्रिओनीन नावाचे ॲमिनो आम्ल असते. तेथे आयसोल्युसीन आले, की इमॅटिनिबला बसावयास जागाच उरत नाही. कुलूप तेच, पण आतला एक दात बदललेला. दासॅटिनिब आणि निलोटिनिब ही नंतरची औषधे इतर अनेक बदलांवर चालली, या एकावर नाहीत. पोनॅटिनिब २०१२ साली आले, ते यावरही चालते. मात्र त्याने रक्तवाहिन्या तुंबण्याचा धोका असतो.

२०२१ साली अमेरिकेत मान्य झालेले ॲसिमिनिब हे औषध सर्वस्वी निराळ्या वाटेने जाते. ते फॉस्फेटच्या जागेकडे फिरकतच नाही. मघाशी जी खोबण सांगितली, शेपटी तुटल्यामुळे रिकामी पडलेली, तिच्यात ते जाऊन बसते. आणि हरवलेल्या शेपटीचे काम करून एबलला पुन्हा वळकटी पाडावयास लावते. शिपायाच्या हातून हातोडी हिसकावून घेण्याऐवजी त्याला त्याच्या बाकावर बसविले, असे म्हणता येईल.

ज्यांच्या रक्तात तपासणीलाही जोडजनुकाचा मागमूस कित्येक वर्षे लागत नाही, अशांची गोळी डॉक्टर आता देखरेखीखाली बंद करून पाहतात. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचा रोग परतत नाही. उरलेल्यांचा परततो, बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी पुन्हा सुरू केली की बहुतेकांचा पुन्हा आवरतो. म्हणून गोळी थांबली तरी तपासणी थांबवीत नाहीत. पहिल्या काही महिन्यांत तर ती दर महिन्याला करतात.